स्टार्टअप का बुडतात आणि संस्थापक पुढे काय करतात?
अनेक स्टार्टअप कल्पना वाईट म्हणून नव्हे, तर पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक मिळण्याआधीच भांडवल संपल्यामुळे बुडतात. इंदुरात रामबागेतून चालवलेला माझा घरपोच किराण्याचा उद्योगही, सवलत थांबताच गिऱ्हाइके पांगल्याने, दीड वर्षात आटोपला. त्यानंतर मी, इतर अनेकांप्रमाणे, नोकरी धरली. काही जण मात्र उरलेल्या साधनांतूनच नवे उभारतात: स्टुअर्ट बटरफील्ड यांचा ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद झाला आणि त्याच चमूच्या अंतर्गत संदेशप्रणालीतून ‘स्लॅक’ हे कार्यालयीन संवादाचे ॲप आकाराला आले. कंपनी कागदोपत्री रीतसर बंद करणे (हे कंटाळवाणे काम मीही लांबवले होते) टाळू नये, कारण सलग ३ वर्षे वार्षिक विवरणपत्रे न भरल्यास कंपनी कायद्यानुसार संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो.