स्वार्थाच्या विरुद्ध काय: परमार्थ की परार्थ?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या वहीत 'स्वार्थ × परमार्थ' अशी जोडी आहे, शेजारच्या मुलीच्या वहीत 'स्वार्थ × निःस्वार्थ'. बरोबर कुठलं?

ताई, माझं उत्तर 'परार्थ'. 'स्व' समोर 'पर', आणि 'अर्थ' दोन्हीकडे तोच, म्हणजे हेतू. 'निःस्वार्थ' हे विशेषण, ते नामाच्या समोर कसं बसेल? (त्याला ई जोडून 'निःस्वार्थी' करायचीही गरज नाही.)

परमार्थात 'पर' नाही, 'परम' आहे. त्याची खरी जोडी प्रपंचाशी. आपल्या सज्जनगडावरच्या समर्थांनी 'आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावे परमार्थविवेका' म्हटलं, ते शेजाऱ्याला मदत करण्याबद्दल नव्हे. गुहेत एकटा बसून स्वतःच्या मोक्षासाठी झटणारा परमार्थच करत असतो, परार्थ मात्र नाही. तरी बोलण्यात परमार्थाला परोपकाराचा अर्थ चिकटलाय खरा, म्हणून पहिल्या वहीतली जोडी मी अगदी खोडणार नाही.

पण या जोडीनं एक गैरसमज होतो, तो मला जास्त खुपतो. जणू माणूस एक तर आपलपोटा, नाहीतर संत. भर्तृहरीनं नीतिशतकात चार प्रकार सांगितले. स्वार्थ सोडून परार्थ साधतात ते सत्पुरुष. स्वार्थासाठी परहित मारतात ते माणसातले राक्षस. विनाकारणच परहित मारतात त्यांना काय म्हणावं, ते त्यालाही सुचत नाही. आणि या सगळ्यांत मोठा घोळका 'सामान्य' माणसांचा: 'स्वार्थाविरोधेन' परार्थासाठी झटणारे, म्हणजे स्वतःच्या हिताला धक्का न लावता. त्यांना तो कमी लेखत नाही.

या मधल्या जागेला आपल्या रानात शब्द आहे: पैरा. हळद काढायला आज तुमच्या घरची माणसं माझ्या वाफ्यात, परवा माझ्या घरची तुमच्या. मजुरी नाही, उपकारही नाही. आमची चुलती भाकरी बांधून निघायची. 'कुठं चाललीस?' विचारलं की म्हणायची, 'पैरा फेडायचाय.' याला स्वार्थ म्हणायचं की परार्थ? 'फेडणे' हे क्रियापद कर्जाचं, पण ती बोलायची तेव्हा त्यात ओझं नसायचं. तिकडं चार बायकांबरोबर बांधावर बसून जेवायचं असायचं.

मुलाला पेपरात 'परार्थ' लिहायला सांगा. आणि पैरा म्हणजे काय तेही एकदा सांगा, वहीत तो सापडायचा नाही.