घड्याळात रोज स्ट्रेस ८० च्या वर दाखवतंय, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ का?

आधी रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या, सीबीसी (त्यात हिमोग्लोबिन कळतं) आणि थायरॉइड. मानसोपचारतज्ज्ञ कुठे पळून जात नाहीत.

माझं घड्याळ धाकट्या भावाने भाऊबीजेला घातलं. ॲप त्यानेच सुरू केलं आणि माझे आकडे त्याच्या मोबाइलवर दिसतील अशी सोय करून पुण्याला गेला. मग रोज सकाळी मेसेज, "ताई, काल ८४. टेन्शन घेऊ नकोस." आईला फोन, वहिनीला फोन. मी पतसंस्थेत कॅशियर. जिना चढताना धाप लागते म्हटलं, तर नवरासुद्धा म्हणाला, "घड्याळच सांगतंय ना, ताण आहे. प्राणायाम कर." केला. अनुलोम-विलोम करताना ७९.

त्या दिवसांत मी भात टाकताना कच्चे तांदूळ मूठभर तोंडात टाकायची. कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. जानेवारीत काउंटरवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "माती, खडू, तांदूळ खावंसं वाटतं का?" हिमोग्लोबिन ७.१ निघालं. बाईला निदान १२ हवं. पाळीत फार जायचं, सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसला.

घड्याळाला मन कळत नाही हो. हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतो, त्यातून ठोके आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार काढतो. हृदय जोरात पळतंय आणि चढउतार कमी, म्हणजे 'ताण'. रक्त कमी असलं, ताप असला, थायरॉइड वाढलं, रात्री दारू झाली, तरी तेच दिसतं. 'ताण' हे नाव कंपनीने दिलंय. आकडा मात्र खोटा नव्हता. डॉक्टरांनी स्ट्रेसचं पान बघितलंही नाही, बसल्या जागेची नाडी काढायला लावली. दिवाळीत ७४, जानेवारीत ९८. ते त्यांच्या कामाचं होतं. तुम्हीही तोच आलेख दाखवा.

शिरेतून लोहाची इंजेक्शनं झाली. मार्च एंडिंगला रात्री साडेआठला कॅशमध्ये २,३०० कमी, मॅनेजर डोक्यावर उभे, पोटात गोळा. घड्याळात ३४. 'शांत'. मी फोटो काढून भावाला पाठवला. त्याने अंगठा टाकला.

काही घड्याळं हाताच्या घामावरूनही ताण मोजतात. लाय डिटेक्टरमध्येही घाम मोजतातच, आणि ती चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बजावलंय. आरोपीला विचारावं लागतं, बहिणीला नाही! तुमचे आकडे घरी किंवा ऑफिसात कोणाला दिसत असतील तर आजच बंद करा. एकदा 'हिला ताण आहे' ठरलं की तुमची धापही ताणच होते.

तुम्ही वय, पाळी, औषधं काहीच लिहिलं नाहीये, त्यामुळे तुमचंही रक्तच कमी असेल असं नाही. पट्टा सैल असला तरी आकडे भरकटतात. आणि झोप उडाली असेल, उगाच रडू येत असेल, तर घड्याळात ३० असलं तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसू नका, थेट दवाखाना.

भाऊ अजून म्हणतो, "पण घड्याळामुळेच कळलं ना?" तांदळाच्या डब्यामुळे कळलं.