बी.ए.ला इतिहास घेऊन पुढे काय?

मुलीला बारावीनंतर बी.ए.ला इतिहास घ्यायचाय आणि तुमचं म्हणणं असं, की तीन-चार वर्षं घालवून हातात काय पडणार, त्यापेक्षा सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून कमवायला लागू दे. माझी हयात तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेली, तेव्हा माझं माप थोडं झुकतंच असणार, हे धरून वाचा.

आधी पोटाचं. ज्या घरात महिनाअखेर जुळत नाही, त्याला 'शिक्षण नोकरीसाठी नसतं' असं ऐकवणं म्हणजे भरल्या पोटीचा शहाणपणा. आपल्याकडे गरिबांसाठी ज्यांनी कॉलेजं काढली त्यांनी तो कधी पाजळला नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं म्हणून तास सकाळी ठेवले. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांची मुलं राबून शिकली, 'कमवा आणि शिका' तिथलंच. पण या दोघांना नुसते कारकून हवे असते तर टायपिंगचे क्लास पुरले असते. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज सुरू झालं, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुलं तिथे आली. त्यांतली पुष्कळ नोकरीला लागली, ते हवंच होतं. पण दलित साहित्याचे कितीतरी लिहिते हातही त्याच आवारातले. समीक्षक गंगाधर पानतावणे तिथेच शिकवायचे. असलं काही अभ्यासक्रमात छापलेलं नसतं.

वर्गात काय होतं, तेही सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी १९७२च्या दुष्काळावर घरच्या म्हाताऱ्यांशी बोलून लिहून आणायला लावायचो. एका मुलीची आजी म्हणाली, खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची, मजुरीही वेळेवर. त्याच गावच्या एका मुलाची आजी म्हणाली, कसली वेळेवर, मुकादम हजेरीत खोटी नावं घालायचा आणि आमचे पैसे थकायचे. दोघं भर वर्गात हमरीतुमरीवर आली. आपली आजी खोटं बोलेलच कशी? मग हळूहळू प्रश्न निघायला लागले. दोघी एकाच कामावर होत्या का? मुकादम कोणाच्या भावकीतला? रोजगार हमीचा कायदा १९७७ सालचा, मग आजी सांगते ती कामं दुष्काळातली की नंतरची? हजेरीपट काही मिळाले नाहीत. पण दोघांनी मिळून गावातल्या आणखी म्हाताऱ्या गाठल्या आणि शेवटी लिहिलं, की एवढं खात्रीने कळतं आणि एवढं कळत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी आपल्याच आजीच्या बाबतीत असं लिहिणं सोपं नसतं.

नोकरीत याचा उपयोग होतो का? होतो, पण मी त्यासाठी शिकवत नव्हतो. व्हॉट्सॲपवर आलेला 'खरा इतिहास' वाचताना, ग्रामसभेत, भावाभावांत वाटणीचा वाद निघाला की, ते जास्त कामाला येतं. आणि ते एकट्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून येत नाही. समोर कोणीतरी भांडायला लागतं, आणि तेही आपल्या आळीतलं, आपल्या जातीतलं नसलेलं.

आता कटू भाग. पुष्कळ कॉलेजांत यातलं काहीच होत नाही. हजेरी कागदावर, परीक्षेआधी गाईड, आणि शिक्षक तासिका तत्त्वावर. ज्याला तासामागे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत, त्याच्याकडे वर्गाबाहेरचा वेळ कोणत्या तोंडाने मागायचा? अशा ठिकाणी जाणार असेल तर तुमचा कोर्स बरा.

म्हणून विषयावरून मुलीशी भांडू नका, कॉलेज बघा. तिला घेऊन एखाद्या साध्या मंगळवारी अकराच्या सुमारास जा. वर्ग भरलेत का? इतिहासाला पूर्णवेळ शिक्षक किती? ग्रंथालयात कपाटातून पुस्तक स्वतः काढता येतं, की खिडकीशी चिठ्ठी देऊन उभं राहायचं? तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा, गेल्या वर्षी गाईड सोडून काय वाचलं. उत्तरं बरी वाटली तर प्रवेश घ्या. तो कोर्स संध्याकाळी किंवा सुट्टीत करता येतो, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी असले कोर्स कॉलेज सांभाळून केलेत.