पिपचा खरा बाप कोण, जो गार्गेरी की मॅग्विच?

तुमचा प्रश्न असा आहे: चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत अनाथ नायक पिपला घडवणारे दोघे, लोहार जो गार्गेरी आणि कैदी मॅग्विच. यांतला त्याचा खरा बाप कोण? आणि पिप जिच्यावर प्रेम करतो ती एस्टेला या सगळ्यात कुठे बसते?

माझं उत्तर जो गार्गेरी. पण मॅग्विच आयुष्यात आला नसता तर पिपला ते कधीच उमगलं नसतं.

नात्याने जो हा पिपचा मेहुणा. आईवडील आणि पाच भाऊ केंटच्या दलदलीजवळच्या चर्चच्या आवारात पुरलेले. वीसेक वर्षांनी मोठ्या बहिणीने पिपला वाढवलं, म्हणजे मुख्यतः बदडून काढलं. नाताळच्या जेवणाचा प्रसंग आठवा. सगळी मोठी माणसं त्या पोराला उपकारांची जाणीव करून देत टोचत असतात. जो एक शब्द बोलत नाही, फक्त पिपच्या ताटलीत ग्रेव्ही वाढत राहतो. कुणी आणखी काही लागट बोललं की आणखी ग्रेव्ही. बऱ्याच वाचकांना हा त्याचा दुबळेपणा वाटतो आणि तो आहेही; मार थांबवायला हवा होता. पण आपला बाप दारू पिऊन आईला आणि आपल्याला मारायचा, हे तो पुढे स्वतःच पिपला सांगतो. बायकोला दुखवण्यापेक्षा आपण सोसलेलं बरं, हे त्याने त्या घरात पाहून ठरवलंय. त्याची किंमत लहान पिपलाही मोजावी लागते, आणि डिकन्स हे झाकून ठेवत नाही.

पुढे वकील जॅगर्स येतो. पिपला कुणा अज्ञात माणसाकडून संपत्ती मिळणार असते, म्हणून शिकाऊ पोरगा सोडण्याबद्दल तो जोला भरपाई देऊ करतो. भट्टीपाशी आलेल्या त्या लहान मुलाची भरपाई पैशाने होईल असं वाटत असेल तर... इथे जोला पुढे बोलवत नाही. माझ्या मते बापलेकाचं नातं कादंबरीत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच येत नाही.

आणि याच माणसाची पिपला लाज वाटते. जो लंडनला भेटायला येतो तो प्रसंग सावकाश वाचा. ठेवणीतले कपडे अंगाला टोचताहेत, हॅट कुठे ठेवावी कळत नाही. फायरप्लेसच्या वरच्या कडेवर ठेवली तर ती सारखी घसरते आणि तो धावून धावून झेलतो. ज्याला मांडीवर खेळवलं त्याला मध्येच 'सर' म्हणतो. पिप वैतागतो, पण जो अवघडलाय तो आपल्यामुळे, हे त्याला तेव्हा दिसत नाही. निघताना मात्र जो एकदम मोकळा होतो. या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीबाहेर मी शोभत नाही, कधी भेटावंसं वाटलं तर भट्टीच्या खिडकीतून डोकावून बघ, असं सांगून जातो. रागाचा लवलेश नाही. दुसऱ्याच दिवशी पिप गावी जातो आणि जोच्या घरी न उतरता खाणावळीत उतरतो!

पिपला संपत्ती देणारा तो अज्ञात माणूस म्हणजे मॅग्विच; लहानपणी पिपने या पळालेल्या कैद्याला मदत केली होती. मॅग्विचचं प्रेम खरं आहे, पण त्यात मालकी मिसळलेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून कमावलेला पैसा तो पिपवर ओततो, स्वतःला त्याचा दुसरा बाप म्हणवतो आणि आपण एक जंटलमन तयार केला याचा त्याला अभिमान आहे. लग्नाच्या दिवशीच फसवली गेलेली श्रीमंत मिस हॅविशॅम, तिनेही दत्तक घेतलेल्या एस्टेलाला असंच तयार केलं, पुरुषांची मनं मोडण्यासाठी. दोघांना फसवणारा माणूस एकच, कॉम्पेसन. दोन दुखावलेली माणसं दोन मुलांच्या आयुष्यातून आपला हिशेब चुकता करतात. त्यात एस्टेला मॅग्विचचीच मुलगी निघते, म्हणजे ज्या 'वरच्या' जगासाठी पिपने जोला टाकलं, त्या जगाचं मूळ तुरुंगात सापडतं. पिप एस्टेलावर जीव टाकतो त्यात तिच्या एका टोमण्याने लागलेली लाज बरीच आहे. खरखरीत हात आणि जाड बूट, एवढंच ती बोलली होती.

पण इंग्लंडमधून निसटताना पकडल्या गेलेल्या जखमी मॅग्विचचा हात हातात घेऊन बसल्यावर पिपची किळस गळून पडते. हा माणूस आपल्याशी जितका चांगला वागला तितके आपण जोशी वागलो नाही, हे त्याला तिथे दिसतं. कोर्टात मॅग्विचला शिक्षा सुनावली जातानाही पिप त्याचा हात सोडत नाही. मुलगा म्हणून तो वागायला शिकतो ते मॅग्विचपाशी, पण ऋण जोचं होतं. पुढे तापाने फणफणलेल्या पिपची शुश्रूषा जोच करतो, जवाहिऱ्याची 123 पौंडांवरची उधारी गुपचूप फेडतो आणि पिप बरा होताच पहाटे निघून जातो.

एस्टेलाबद्दल शेवटचं. डिकन्सने आधी वेगळा शेवट लिहिला होता आणि आपला कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून बदलला. त्या पहिल्या शेवटात पिप पिकॅडिलीत जो आणि त्याची दुसरी बायको बिडी यांच्या छोट्या मुलाला घेऊन चाललेला असतो, मुलाचं नावही पिपच. एस्टेला भेटते, मुलाचा पापा घेते, आणि बहुधा तो पिपचाच मुलगा समजून निघून जाते. मला हाच शेवट पटतो, कारण त्यात पिपच्या हाताशी जोचं मूल आहे आणि एस्टेलाचा गैरसमज दूर करावा असं त्याला वाटतच नाही.