थायरॉइडच्या कॅप्सूलआधी ताट पाहू

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट दोनदा वाचला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, 6.2, थोडे वाढलेले; टी-4, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, मात्र मर्यादेत. तक्रारी म्हणशील तर बद्धकोष्ठता, जेवणानंतर फुगणारे पोट, दुपारचा थकवा आणि कंगव्यात येणारे केस. डॉक्टरांनी औषध न देता तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितले, हे मला योग्यच वाटते, कारण एवढाच वाढलेला टीएसएच पुष्कळदा दुसऱ्या तपासणीत आपोआप खाली आलेला दिसतो. मधल्या काळात काहीतरी केले पाहिजे या काळजीने तू थायरॉइडसाठीच्या पूरक कॅप्सूल मागवल्यास, पण उघडण्याआधी मला विचारलेस, याचे मला समाधान आहे. ती डबी तशीच बंद राहू दे.

आहाराने थायरॉइड बरा होतो, असे मी म्हणत नाही. टीएसएच 10 च्या वर गेला, टी-4 घसरला किंवा गर्भधारणेचा विचार असला, तर ताट सुधारण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे. आणि एकदा लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) सुरू झाले की ते आपल्या मनाने थांबवायचे नाही. माझे म्हणणे एवढेच की बद्धकोष्ठता थायरॉइड मंदावल्यानेही होते आणि चोथा (फायबर) नसलेल्या जेवणानेही होते. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी कँटीनमधला पाव आणि रात्री उशिरा मेसचा पांढरा भात असा तुझा दिवस असताना यांतले कोणते कारण खरे, हे कळणार कसे? म्हणून आधी पोट.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तो 3 ग्रॅमच्याही आत असतो. आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. हा चोथा आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरेटसारख्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. तेव्हा दुपारी पावाऐवजी ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर शेपू, चाकवत किंवा अंबाडीची भाजी आणि वाटीभर घरचे दही, एवढ्यावर सुरुवात कर. बाजरीबद्दल तू विचारलेस. तिच्यात थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक आहेत हे खरे, पण त्यांचा त्रास मुख्यतः आयोडीन कमी मिळणाऱ्या आणि तिन्ही त्रिकाळ बाजरीच खाणाऱ्या लोकांत दिसला आहे. थंडीत दोन-चार वेळा खाल्लेल्या भाकरीला घाबरण्याचे कारण नाही. शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरचेही तेच.

मटकीला मोड आणणे मात्र मनापासून शीक. सकाळी भिजत घातलेली मटकी रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडलेस की पांढरे मोड कापडाच्या विणीत शिरलेले दिसतील आणि हाताला किंचित ऊब लागेल. मोड आल्यामुळे पोटात वायू धरवणारी साखर बरीच कमी होते. तरी पहिल्या आठवड्यात उसळ अर्धीच वाटी घे, पाणी वाढव आणि पोट फुगलेच तर मुगावर ये. चोथा एकदम वाढवला की पोट बिघडते, मग मुली सगळेच सोडून देतात. असे मी वर्गात आणि बाहेरही खूप पाहिले आहे.

गहू मात्र आताच सोडू नकोस. स्वयंप्रतिकारामुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने, थायरॉइड बिघडलेल्यांत सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि गहू बंद करून रक्त तपासले तर तो सापडत नाही. जुलाब, घटते वजन किंवा न हटणारा अॅनिमिया असेल, तर डॉक्टरांकडे त्या तपासणीचा विषय काढ.

आता त्या डबीकडे वळते. लेबलवर आयोडीन, सेलेनियम आणि बायोटिन आहे. आयोडीन प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी रोजच्या मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड कमी होतो हे दाखवले, आणि आज आपल्या घरातल्या आयोडीनयुक्त मिठातून ती गरज सहसा भागते. फक्त सैंधवाच्या नादी लागून ते मीठ बंद करू नकोस. वरून जादा आयोडीन घेतले तर नाजूक थायरॉइड उलट मंदावू शकतो. सेलेनियम जास्त झाले तर केसच गळतात, ज्यासाठी तू ते घेणार होतीस. बायोटिनमुळे थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. शिवाय अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा दहा पूरक औषधांपैकी नवांत चक्क टी-3 हे थायरॉइडचे संप्रेरक सापडले होते.

माझ्या ओळखीच्या एक बाई लेव्होथायरॉक्सिनचा डोस दोनदा वाढवूनही थकलेल्याच असत. त्यांच्याकडे सकाळी गेले, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि दुधाचा चहा एकाच घोटात घेतला. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास दूर हवे, आणि चहा तिच्यानंतर निदान अर्ध्या-पाऊण तासाने. वेळा बदलल्यावर पुढच्या तपासणीत त्यांचा टीएसएच उतरला. पोटात काय, कशाबरोबर आणि केव्हा जाते, याकडे मी इतके लक्ष देते ते अशा अनुभवांमुळे.

तू रोज काय खाल्लेस आणि पोट कसे साफ झाले, हे एका वहीत दोन ओळींत लिहीत जा. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळच्याच वेळी रक्त दे आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी ती मलाही दाखव. या रविवारी मटकी भिजत घाल आणि मोड किती आले ते कळव.

तुझी,
बाई