केळीच्या भाड्यासाठी पिकअप घ्यायची आहे: कोणाचं डिझेल इंजिन जास्त टिकतं, कोणाची ताकद जास्त?

भाऊ, तुम्ही विचारलंय की रावेर-सावद्याकडून केळी भरायला महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा की अशोक लेलँडची बडा दोस्त? आणि शेवटी लिहिलंय, ‘मिस्त्री म्हणतो कोणतीही घे, उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकू.’ त्या शेवटच्या ओळीसाठी हे उत्तर लिहितोय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी-बंद करणारी झडप.

ताकदीचं आधी उरकतो. बोलेरो पिकअपला 2523 सीसीचं चार सिलिंडर इंजिन आहे, 75 हॉर्सपॉवर आणि 200 न्यूटन-मीटर टॉर्कचं. योद्धाचं 2179 सीसी, 100 हॉर्सपॉवर, 250 टॉर्क. बडा दोस्तचं 1478 सीसी, तीन सिलिंडर, 80 हॉर्सपॉवर, 190 टॉर्क. घाटात योद्धा पुढे राहणार, यात वाद नाही. टिकण्यासाठी मात्र एका लिटरमागे किती ताकद काढलीय ते बघा. बोलेरोला 30 हॉर्सपॉवर पडते, योद्धाला 46, बडा दोस्तला 54. हा आकडा कमी तेवढा पिस्टन, हेड आणि टर्बोवर ताण कमी. म्हणून लांब पल्ल्याच्या हिशेबात माझा कौल बोलेरोला. ‘तीन सिलिंडर म्हणजे फुसकं’ हे मात्र चूक आहे. त्याला थरथर जास्त, माउंटिंगचे रबर लवकर जातात. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, लवकर घासायचं ते कारण नाही.

आता घाटाचं गणित बघा. गाडी आणि माल मिळून 3 टन वजन, 6 टक्के चढ, वेग ताशी 30. चाकाला लागते साधारण 25 हॉर्सपॉवर. पासिंग (कागदावर मंजूर असलेलं वजन) सोडून तेच वजन 5 टन केलं तर 42. म्हणजे ताकद तिन्ही गाड्यांत पुरून उरते. कमी पडतं ते थंड होणं. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेतला जवळजवळ चौथा हिस्सा पाण्यात उतरतो. कन्नडच्या घाटात ताशी 30 ने चढताना रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा, आणि मे महिन्यात आपल्याकडे तो वाराच 44-45 अंशांचा असतो. इथे सुई वर जाते आणि मग थर्मोस्टॅटवर खापर फुटतं.

थर्मोस्टॅटची दोन कामं असतात आणि मिस्त्रीला त्यातलं एकच माहीत असतं. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासमधून ब्लॉकमध्येच फिरवतो. 82 ते 88 अंशांच्या दरम्यान तो उघडायला लागतो. पुष्कळ इंजिनांत तो उघडता उघडता त्याची खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. तो काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या. पाणी सोपी वाट धरतं, त्यातलं बरंचसं रेडिएटर न बघताच गरम ब्लॉकमध्ये परत जातं. म्हणजे ज्या घाटासाठी काढला, त्याच घाटात गाडी जास्त तापते. ज्या इंजिनात बायपास असा बंद होत नाही, तिथे उलटं होतं. डिसेंबरच्या पहाटे रिकामी गाडी पुरेशी तापतच नाही. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन गारच वाटतं, तो जास्त डिझेल सोडतो. ते बोअरवरचं ऑइल धुतं, रिंगा घासतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. गार इंजिनात ते जाळणं सुरूच होत नाही आणि फिल्टर भरत जातो.

काढल्यावर फरक पडल्यासारखा का वाटतो? जुना अर्धवट अडकलेला होता म्हणून. मग नवा बसवा, लांबच्या एका खेपेच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतो. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लोंबता सोडून तापवा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे, आणि अजून 10-12 अंश चढल्यावर 8 मिलिमीटरच्या पुढे उघडला पाहिजे.

गाडी तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा जाळीत असतं. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचं तूस बसून नमदा होतो, समोरून दिसतच नाही. दोन्ही सुटे करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने धुवा. प्रेशर पंप जवळून मारला की पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. व्हिस्कस पंखा (गरम झाल्यावर पकड घेणाऱ्या कपलिंगचा) असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने ढकला. अडखळत थांबला पाहिजे, दोन-चार फेरे मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. रेडिएटरात बोअरवेलचं पाणी तर घालूच नका, आतून क्षार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. भरल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा, नाहीतर हेडमध्ये हवेचा कप्पा राहतो आणि गॅस्केट उडतं.

हवेचा फिल्टर जोराच्या कंप्रेसरने झाडू नका, कागदाला दिसणार नाहीत अशी भोकं पडतात. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर क्लॅम्प ढिला आहे, आणि त्या मातीने रिंगा खाल्ल्या की कंपनी कोणती हा प्रश्नच उरत नाही.

बीएस-6 मध्ये डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. काडीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद नको. बहुतेक काजळी जाळणं अर्ध्यात थांबून त्यात डिझेल उतरलंय. ते बदलूनच गाडी काढा.

हे आकडे मॉडेल आणि वर्षाप्रमाणे थोडे बदलतात, घेताना आरसीवरचं पासिंग बघा. आणि तुमचं भाडं शेतातून सावद्याच्या वखारीपर्यंत, पाच-सात किलोमीटरचंच असेल, तर वरचा बोलेरो-योद्धाचा हिशेब बाजूला ठेवा. तिथे डीपीएफ भरणं हाच मोठा त्रास. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास सलग पळवावी लागेल.

जुनी घेणार असाल तर सकाळी गार इंजिनावर जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. चालू केल्यावर रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट एक तर उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढलाय. हाउसिंगचे दोन-तीन बोल्ट खोलून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.