पाच-सहा वर्षांच्या मुलांना घरच्या साहित्यात कोणते कलाप्रकार करता येतील?

विकतचे काही न आणता करायचे असल्यास भाजीच्या ठशांपासून सुरुवात करावी. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांच्या फुलासारखा ठसा उमटतो; मात्र काप फडक्याने टिपून घ्यावा व रंग दाट ठेवावा, अन्यथा आकार पसरतो. त्यानंतर वारली चित्रे काढू द्यावीत, कारण दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून, वर एक गोल आणि हातापायांच्या रेघा काढल्या की लहान मुलालाही माणूस जमतो. जाड कागदाला गेरू लावून तो पूर्ण वाळू द्यावा आणि पातळ कालवलेल्या तांदळाच्या पिठात काडी बुडवून त्यावर रेखाटावे. ओली रेघ फिकट दिसते व वाळल्यावरच पांढरी उठते, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर ती तेच गिरवत बसतात.